वेड, नाद, खूळ, ध्यास: पुण्यात नव्याने मराठी बोलणाऱ्यांसाठी

शिकायला किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेला माणूस वर्षभरात कामापुरती मराठी बोलू लागतो. मंडईत भाजी घेता येते, रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जतही घालता येते. मात्र ‘मला या गोष्टीचं फार वेड आहे’ म्हणायचं असताना तोंडून नुसतंच ‘मला वेड लागलंय’ निघतं आणि समोरचा काळजीने बघायला लागतो. एखाद्या गोष्टीने माणसाला पुरतं धरलं की ते सांगायला मराठीत वीस-पंचवीस तरी शब्द आहेत. त्यांचा अर्थ कोशात सापडतो, पण कुठला शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर जातो आणि कुणाला लावला तर चालतो, हे कोश पटकन सांगत नाही. घरात किंवा ऑफिसात असा नवशिका असेल तर त्याला समजावून देतानाही खालच्या पायऱ्या उपयोगी पडतील, कारण हे नियम आपण रोज पाळतो आणि कुणी विचारलं की आपली बोलती बंद होते.

पायरी १: आधी साचा, मग शब्द

तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, तसं वेड लागतं. आपण ते करत नाही, ते आपल्याला होतं. म्हणून माणसाला ‘ला’ लागतो आणि क्रियापद वेडाच्या किंवा नादाच्या लिंगाप्रमाणे चालतं:

त्याला पत्त्यांचा नाद लागला.
त्याला मिसळीची चटक लागली.
त्याला नाटकाचं वेड लागलं.

माणूस तिन्ही वाक्यांत पुरुषच आहे, तरी लागला, लागली, लागलं असं क्रियापद बदललं. ‘तिला नाटकाची वेड लागली’ ही चूक इथूनच होते. वेड मुलीला लागलं तरी ते नपुंसकलिंगीच राहतं.

दुसऱ्या साच्यात माणूस कर्ता होऊन पुढे येतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं:

ती शेअर बाजाराच्या नादी लागली.
मुलं मोबाईलच्या आहारी गेली.
तो प्रमोशनच्या मागे लागलाय.

दोन्हींत फरक जबाबदारीचा आहे. पहिल्या साच्यात गोष्ट येऊन माणसाला चिकटली, त्याचा फारसा दोष नाही. दुसऱ्यात तो स्वतः चालत गेला. ‘भावाला सट्ट्याचा नाद लागला’ असं म्हणणारी बहीण अजून त्याची बाजू घेते आहे. ‘भाऊ सट्ट्याच्या नादी लागला’ म्हटलं की ती बाजू सुटली. ‘आहारी जाणं’ तर दारू, जुगार, मोबाईल अशा नुकसानीच्या गोष्टींसाठीच राखून ठेवलेलं आहे. त्याचा जेवणाच्या आहाराशी संबंध जोडून ‘मी बिर्याणीच्या आहारी गेलो’ असं म्हटलं तर लोक हसतील, आणि ते हसू तुमच्या विनोदाला नसेल.

लिंगं एकदाच पाठ करून टाका. पुल्लिंगी: नाद, छंद, ध्यास, सोस, हव्यास, चाळा, चस्का, व्यासंग. स्त्रीलिंगी: आवड, हौस, गोडी, ओढ, चटक, धुंदी, आणि इंग्रजीतून आलेली क्रेझसुद्धा. नपुंसकलिंगी: वेड, खूळ, व्यसन, टुमणं.

आता ज्या गोष्टीचं वेड आहे तिचं रूप. मराठी नामाला प्रत्ययाआधी सामान्यरूप लागतं: नाटक–नाटकाचं, गड–गडाचं, गाणं–गाण्याचं, वाचन–वाचनाचं. परक्या शब्दांना बहुतेक वेळा तसाच प्रत्यय जोडतात: क्रिकेटचं, मोबाईलचं, बाईकचं. ‘नाटकचं वेड’ म्हटलं की बोलणारा नवा आहे हे लगेच कळतं. जमवण्याच्या वस्तू अनेकवचनात ठेवा: पुस्तकांचं वेड, नाण्यांचा छंद. क्रियापदापासून करायचं असेल तर ‘-ण्याचं’ किंवा बोलण्यात ‘-यचं’ चालतं: फिरण्याचं वेड, फिरायचं वेड.

काळही बघा. ‘वेड लागलं’ म्हणजे कधीतरी लागलं, ‘वेड लागलंय’ म्हणजे सध्या जोरात आहे, ‘वेड आहे’ म्हणजे जुनं, मुरलेलं. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना तिसरं रूप वापरा.

पायरी २: पाच शब्दांवर हात बसवा

सुरुवातीला आवड, छंद, वेड, नाद आणि खूळ एवढे पाच पुरेत. एकच माणूस घ्या, दर रविवारी पहाटे उठून सिंहगड चढणारा. त्याच्याबद्दल पाच जण बोलताहेत.

‘त्यांना गडावर जायची आवड आहे.’ सौम्य. यावर कुणी काही विचारणारही नाही.

‘त्यांना गड फिरण्याचा छंद आहे.’ यात सातत्य आलं आणि थोडा मानही. छंद लागतो, जडतो आणि तो जोपासताही येतो. वेड जोपासत नाहीत, नाद तर नाहीच.

‘त्यांना सिंहगडाचं वेड आहे.’ पावसातही जातात, घरचं लग्न असलं तरी मुहूर्ताआधी एक फेरी मारून येतात. बोलणाऱ्याला गंमत वाटतेय, कौतुकही आहे.

‘त्यांना सिंहगडाचा नाद लागलाय.’ इथे बोलणारी बहुधा बायको. रविवारची कामं कोण करणार, हा प्रश्न वाक्यात न उच्चारता बसलेला आहे.

‘हे सिंहगडाचं काय नवीन खूळ?’ म्हणजे गेल्या महिन्यात सायकल होती, त्याआधी गिटार होती, आणि हेही महिनाभरात उतरणार असा बोलणाऱ्याचा अंदाज आहे. खूळ डोक्यात शिरतं, कुणीतरी ते डोक्यात भरवतं, आणि घरचे ते काढायच्या मागे असतात. सगळ्या शहरात एकदम पसरलेल्या नव्या गोष्टीलाही खूळ म्हणतात, किंवा नुसतं ‘नवी टूम’. सामान्यरूप करताना खूळमधला ऊ ऱ्हस्व होतो: खुळाला, खुळापायी. शुद्धलेखनात ही चूक फार दिसते.

आणि जो चढतो तो केवळ वर मिळणाऱ्या मडक्यातल्या दह्यासाठी, त्याला यांतलं काहीच लागलेलं नाही. त्याला चटक लागली आहे. चटक जिभेची किंवा आयत्या फायद्याची असते: चटपटीत खाण्याची, फुकट पैशाची, दुसऱ्यांच्या भानगडी ऐकायची. चांगल्या कामाची चटक लागत नाही.

स्वतःबद्दल बोलताना वरच्या यादीतून एक पायरी खालचा शब्द घेतला तर नम्रपणा दिसतो. ‘मला जरा फोटोग्राफीचा नाद आहे’ असं सराईत माणूसच म्हणतो. दुसऱ्याबद्दल बोलताना एक पायरी वरचा घ्या. उलट केलंत, तर तुम्ही बढाईखोर ठराल किंवा उद्धट.

पायरी ३: वेड नीट हाताळा

पहिला नियम असा की वेड कशाचं ते सांगितल्याशिवाय वाक्य सोडू नका. ‘त्याला फुटबॉलचं वेड लागलंय’ हे कौतुक आहे, ‘त्याला वेड लागलंय’ म्हणजे डोकं फिरलंय. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक ही आहे, कारण गोष्ट आधीच्या वाक्यात येऊन गेली म्हणून ते गाळतात. इथे ती पुन्हा म्हणायचीच, निदान ‘त्याचं वेड’ एवढं तरी.

दुसरं, वेड लावता येतं पण (या अर्थाने) घेता येत नाही. ‘या नाटकाने मला वेड लावलं’ उत्तम वाक्य आहे. ज्याने लावलं त्याला ‘ने’, ज्याला लागलं त्याला ‘ला’. पण ‘मी क्रिकेटचं वेड घेतलं’ म्हणता येत नाही. वेड घेणं किंवा वेड पांघरणं म्हणजे कळत असून न कळल्याचं सोंग करणं. त्यावरूनच ‘वेड पांघरून पेडगावला जाणं’ ही म्हण आहे, आणि मीटिंगमध्ये ती ऐकू आली तर तुमच्यावर आरोप झालाय हे समजून घ्या.

तिसरं, सामासिक शब्द. नामाला ‘वेडा’ जोडून नाटकवेडा, पुस्तकवेडा, क्रिकेटवेडा, दुर्गवेडा असे शब्द हवे तितके बनवता येतात. मधे ‘चा’ नको, दोन शब्द तोडून लिहायचे नाहीत. हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलतं: नाटकवेडी मुलगी, नाटकवेडी मुलं, नाटकवेड्या मुलांना. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा पुण्यात १९६३ पासून चालत आली आहे. तिच्या फेऱ्यांना भरत नाट्य मंदिराबाहेर उभे राहिलात तर हा शब्द सगळ्या रूपांत ऐकायला मिळेल. आदराने बोलताना अनेकवचन येतं: ‘सर पुस्तकवेडे आहेत’, ‘बाई नाटकवेड्या आहेत’. नुसतं ‘सर वेडे आहेत’ म्हणालात तर आदरार्थी बहुवचनही तुम्हाला वाचवणार नाही.

वेडा हा शब्द मायेनेही येतो. ‘वेडी आहेस का, एवढं कशाला आणलंस?’ असं मैत्रीण म्हणते तेव्हा ती खूश झालेली असते. हे फक्त ‘अरे-तुरे’च्या नात्यात. ‘अहो’ म्हणता त्या माणसाला कधीच नाही. ‘येडा’ हे रूप मित्रांच्या टोळक्यात सर्रास चालतं, तिथेच ते राहू द्या.

वेडापिसा हा शब्द छंदासाठी नाही. मूल गर्दीत हरवलं की आई वेडीपिशी होते. दुःखाने, काळजीने, विरहाने माणूस वेडापिसा होतो, क्रिकेटने होत नाही.

पायरी ४: नाद, आणि त्याचे पाच उद्योग

एवढ्याशा शब्दाचे इतके उपयोग आहेत की यावर एक आठवडा वेगळा घालवला तरी वाया जाणार नाही. मूळ अर्थ ध्वनी, घंटेचा नाद, तंबोऱ्याचा नाद. गाण्याच्या बैठकीत तो तसाच येतो. बाकीचे असे:

‘नाद लागणं’ वर आलंच आहे.

‘कुणाच्या नादी लागणं’ यात गोष्टीच्या जागी माणूस आला तर अर्थ बदलतो. ‘त्या मुलांच्या नादी लागू नकोस’ म्हणजे त्यांच्या संगतीत बिघडू नकोस. ‘माझ्या नादी लागू नकोस’ म्हणजे माझ्याशी वाकड्यात शिरू नकोस. दुसरं वाक्य धमकी आहे. पार्किंगवरून झालेल्या भांडणात हे ऐकलंत तर शब्दसंग्रह वाढवत बसू नका.

‘नाद करणं’ म्हणजे आव्हान देणं. ‘आमचा नाद करायचा नाय’ हे टेम्पोच्या मागे, मंडळाच्या टी-शर्टवर, कुठेही दिसेल. तिथे ‘नाही’ कधी लिहीत नाहीत. ‘नाय’ मधेच सगळा रुबाब आहे.

‘नाद सोडणं’ यात आधी वेड असायची गरज नाही. ‘आता त्या फ्लॅटचा नाद सोड’ म्हणजे तो मिळणार नाही, आशा सोड. एजंट, कारकून आणि अनुभवी मित्र या तिघांचं हे लाडकं वाक्य आहे.

‘नादात’ म्हणजे एका गोष्टीत गुंगून दुसरीकडे दुर्लक्ष होणं: ‘बोलण्याच्या नादात स्टॉप मागे गेला.’ हे बिनधोक आहे. कुणालाही, मोठ्यांनाही, स्वतःलाही लावता येतं. उशीर झाल्यावर माफी मागताना याच्यासारखं वाक्य नाही.

याखेरीज कोल्हापूरकडचा ‘नादखुळा’ आता पुण्यातही रुळला आहे. तो दिसतो शिवीसारखा, पण आहे शाबासकी: ‘बॅटिंग एकदम नादखुळा!’ पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, खेड, मंचर, जुन्नरकडे गेलात तर गाड्यांवर ‘नाद एकच, बैलगाडा शर्यत’ असं रंगवलेलं दिसतं. शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत शर्यती बंद होत्या, नाद बंद नव्हता. तिथे हा शब्द अभिमानाचा आहे, त्यात तक्रारीचा सूर शोधू नका. पेठेतल्या घरात ऐकलेला नाद आणि घाटात, म्हणजे बैलगाडे पळतात त्या धावपट्टीवर, ऐकलेला नाद वेगळे, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

नादिष्ट आणि छांदिष्ट ही विशेषणं माणसाच्या स्वभावाबद्दल आहेत: आज हे, उद्या ते. प्रेमळ तक्रार. ‘छंदीफंदी’ मात्र छंदाचा भाऊ समजू नका. तो उधळ्या, बाईबाटलीच्या मागे लागलेल्या माणसासाठी आहे. ‘माझे वडील फार छंदीफंदी आहेत’ हे वाक्य अजाणतेपणी म्हटलं गेलं तर स्पष्टीकरण द्यायला बराच वेळ लागेल.

पायरी ५: मानाचे शब्द

वेड वर्षानुवर्षं टिकलं आणि त्यातून काही उभं राहिलं की मराठी माणूस शब्द बदलतो. तिथे ध्यास येतो. ध्यास लागतो आणि ‘घेता’ही येतो, म्हणजे यात माणसाचा निश्चय आहे. ‘त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा ध्यास घेतला’ हे धोंडो केशव कर्वे यांच्याबद्दल म्हणतात, आणि त्यांना ‘ध्येयवेडे’ म्हणतात. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. या वाक्यात ध्यासाऐवजी ‘नाद’ घालून बघा, व्याकरण शाबूत राहतं आणि वाक्य मात्र अपमान होतं.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. ठिकठिकाणची हस्तलिखितं गोळा करून श्लोकागणिक पाठ ताडून बघायचे, असं सत्तेचाळीस वर्षं. अशा कामाला योग्य शब्द ‘व्यासंग’. तो दांडगा असतो, गाढा असतो, आणि माणूस व्यासंगी असतो. सदाशिव पेठेत कुणाला ‘तुमचा व्यासंग दांडगा आहे’ म्हणालात तर पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही. शब्द अभ्यासापुरताच आहे. क्रिकेटचे आकडे पाठ असणाऱ्याला तो लावला तर थट्टा होते, तीही बरी थट्टा आहे.

बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवत राहिले. त्यांच्याबद्दल वेड, ध्यास दोन्ही चालतं. पण ‘हव्यास’ नको. हव्यास पैशाचा, सत्तेचा, प्रसिद्धीचा. त्यात हाव बसलेली आहे. ‘सोस’ त्यामानाने घरगुती: दागिन्यांचा सोस, उपासतापासाचा सोस, म्हणजे गरज नसताना ओढवून घेतलेलं.

संगीतात आणखी वेगळे शब्द आहेत. सवाई गंधर्व महोत्सवात तासन्तास बसणारा ‘गाण्याचा वेडा’ नसतो, तो ‘दर्दी’ किंवा ‘कानसेन’ असतो. खाण्यात ‘खवय्या’ आणि ‘शौकीन’. पाहुण्याची ओळख करून देताना हे शब्द कामी येतात, आणि क्रियापदंही: ‘त्यांनी स्वतःला या कामाला वाहून घेतलं’, ‘झोकून दिलं’. इथे ‘वाहून घेतलं’च्या जागी ‘वाहून गेले’ म्हणालात तर पाहुणे पुरात गेले.

पायरी ६: भुताखेतांची क्रियापदं

झपाटणं आणि पछाडणं दोन्ही भुताची कामं. आजच्या बोलण्यात त्यांनी वाटणी करून घेतली आहे. झपाटणं बहुधा चांगल्याकडे झुकतं: ‘एका कल्पनेने त्याला झपाटलं’, ‘तिने झपाटून अभ्यास केला’. पछाडणं वाईटाकडे: संशयाने पछाडलेला, भीतीने पछाडलेली. हिंदीभाषकांनी जपून, कारण हिंदीत पछाडणं म्हणजे चीत करणं, हरवणं. मराठी बातम्यांत तो अर्थही अधूनमधून दिसतो, बोलण्यात कमी. ‘झपाटा’ म्हणजे वेग, त्यात भूत नाही.

भारावून जाणं हे वेड नाही. चांगलं भाषण ऐकून माणूस भारावतो आणि दोन दिवसांनी मोकळा होतो.

पायरी ७: डोकं आणि त्याचे प्रत्यय

एखादी गोष्ट डोक्यातून जात नाही, हे सांगताना प्रत्यय चुकला की अर्थ पार उलटा होतो. म्हणून हे एकेक करून, मोठ्याने म्हणत शिका.

‘डोक्यात शिरलं’ किंवा ‘डोक्यात बसलं’: कल्पना पक्की झाली. नवशिक्याला हेच सांगायचं असतं.
‘डोक्यात जातो’: राग येतो, असह्य होतो. ‘तो माझ्या डोक्यात जातो’ म्हणजे मी त्याचाच विचार करतो असं मुळीच नाही.
‘डोक्यातून गेलं’: विसरलो.
‘डोक्यावरून गेलं’: समजलं नाही.
‘डोक्यावर घेतलं’: लोकांनी फार कौतुक केलं. नाटक, गाणं, खेळाडू, कुणीही.
‘डोक्यावर बसला’: लाडाने चढून गेला.
‘डोकं खातो’: पिच्छा पुरवतो, सतत विचारत राहतो.

प्रेमात पडलेल्याने ‘ती माझ्या डोक्यात जाते’ असा मेसेज पाठवला तर प्रकरण तिथेच संपेल. त्याने ‘जळी स्थळी काष्ठी पाषाणी तीच दिसते’ म्हणावं. जुनं वाटलं तरी अजून जिवंत आहे आणि थोडं हसू आणतं, जे अशा वेळी बरं असतं. साधं हवं असेल तर ‘दुसरं काही सुचत नाही’.

असाच आणखी एक सापळा: ‘मागे लागणं’ म्हणजे पाठपुरावा करणं, पिच्छा पुरवणं, पण ‘मागे पडणं’ म्हणजे मागे राहणं. हिंदीतून थेट आणून ‘तो माझ्या मागे पडलाय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शर्यत दिसते. आणि ‘ध्यानीमनी तेच’ म्हणजे सतत तोच विचार, पण ‘ध्यानीमनी नसताना’ म्हणजे अचानक.

तोंडाने चाललेल्या वेडाला वेगळे शब्द आहेत. मूल सायकलसाठी ‘टुमणं लावतं’, मोठा माणूस एकाच विषयाची ‘टकळी लावतो’ किंवा ‘जप लावतो’, आणि हट्टी माणूस ‘हेका सोडत नाही’.

पायरी ८: पायी, पोटी, खातर

‘-मुळे’ येत असलं की नवशिके तेवढ्यावर भागवतात. वेडाच्या वाक्यात मात्र ‘पायी’ आणि ‘पोटी’ हे दोन प्रत्यय निकाल देतात. नादापायी शेत गेलं, सट्ट्यापायी घर गेलं, हट्टापायी वर्ष वाया गेलं: ‘पायी’ आलं की नुकसान ठरलेलं. हौसेपोटी, प्रेमापोटी, कुतूहलापोटी: ‘पोटी’ मन आतून ओढलं गेल्याचं सांगतो. ‘हौसेखातर’ आणखी हलकं आहे, आणि ‘हौसेला मोल नाही’ म्हणून विषय संपवता येतो. ‘प्रेमापायी’ही म्हणतात, पण मग गोष्ट रडकी आहे हे गृहीत धरा.

पायरी ९: कुठे थांबायचं

वयाने मोठ्या माणसाला खूळ, चळ, नादी लागणं, आहारी जाणं यातलं काही थेट म्हणू नये. ‘काका, तुम्हाला बागेची भारीच हौस!’ हे म्हणा. ‘काका, हे बागेचं काय खूळ घेतलंय?’ हे त्यांच्या भावाने किंवा काकूंनी म्हणावं. ऑफिसात वरिष्ठांबद्दल ‘त्यांना परफेक्शनचं वेड आहे’ इथपर्यंत ठीक. ‘चक्रम’ कितीही खरं असलं तरी जेवणाच्या सुट्टीतच.

व्यसन हा शब्द गमतीने चालतो, ‘मला वाचनाचं व्यसन आहे’. ‘व्यसनी’ मात्र गमतीत येत नाही. ज्या घरात खरंच दारूचा प्रश्न आहे तिथे तर ‘व्यसनाधीन’ हाच शब्द बरा. पुण्यात १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थांमुळे आता व्यसनाला आजार म्हणून बोललं जातं.

आणि हात पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप दहादा तपासणं, नको तो विचार थांबवता न येणं, हे खूळ नव्हे. या आजाराला मराठीत ‘मंत्रचळ’ म्हणतात, त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असतात. नखं खाण्यासारख्या सवयीला ‘चाळा’ म्हणतात, तो वेगळा. येरवड्यात कारागृह आणि मनोरुग्णालय दोन्ही असल्यामुळे ‘याला येरवड्याला पाठवा’ हा पुणेरी टोमणा कानावर येईल. तो समजून घ्या, वापरू नका.

सराव

वहीत चार रकाने आखा: शब्द, लिंग, क्रियापद, कुणाला लावायचा. आठवड्याला पाच शब्द, जास्त नकोत, कारण क्रियापदं एकमेकांत मिसळतात. बसमध्ये, नदीपात्रात ढोलपथकाचा सराव चालतो तिथे, कट्ट्यावर जे ऐकाल ते वाक्य अख्खंच लिहा. सुटा शब्द लिहून उपयोग होत नाही. इंग्रजी शब्द सुटत नसेल तर त्यालाही हाच साचा द्या: ‘मला त्या सिरीजचं ऑब्सेशन आहे’, ‘बाईकची क्रेझ आहे’. ‘मी त्या सिरीजने ऑब्सेस्ड आहे’ असं मराठी वाक्य उभं राहत नाही.

मग ही सहा वाक्यं दुरुस्त करून बघा: १) मला ट्रेकिंगचा वेड आहे. २) आजोबांना वाचनाचं खूळ आहे. ३) मी चित्रकलेचं वेड घेतलं. ४) तो अभ्यासाच्या आहारी गेला. ५) ते गाणं माझ्या डोक्यात जातं, दिवसभर गुणगुणतो. ६) तिला वेड लागलंय, रोज पोहायला जाते.

पहिल्यात ‘ट्रेकिंगचं वेड’. दुसऱ्यात व्याकरण ठीक, पण आजोबांसाठी ‘वाचनाची आवड’ किंवा, पुस्तकांनी खोली भरली असेल तर, ‘व्यासंग’. तिसऱ्यात ‘मला चित्रकलेचं वेड लागलं’. निश्चयच सांगायचा असेल तर ‘मी चित्रकलेचा ध्यास घेतला’. चौथ्यात ‘त्याने स्वतःला अभ्यासात झोकून दिलं’ किंवा ‘तो झपाटून अभ्यास करतो’. पाचव्यात ‘डोक्यात बसलंय’. सहाव्यात ‘तिला पोहण्याचं वेड लागलंय’. थंडीतही पहाटे पाचला जात असेल तर मूळ वाक्यही चालेल, फक्त ती ऐकत नसताना.